देहबळाचा शोध : मांस, डाळ आणि दूध यांच्या एका जुन्या वादाचा इतिहास

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा विषयासाठी मला लांब जावे लागले नाही. सिल्व्हर पार्कच्या नाक्यावरून पायी फिरताना दोन्ही बाजूंच्या इमारतींत व्यायामशाळांचे फलक दिसतात आणि औषधांच्या दुकानांत प्रथिनांच्या भुकटीचे मोठाले डबे रचून ठेवलेले असतात. अशाच एका संध्याकाळी आमच्या पाठशाळेत लहानाचा मोठा झालेला एक तरुण भेटला. व्यायामशाळेतील त्याच्या शिक्षकाने त्याला स्पष्ट सांगितले होते की, अंडी आणि कोंबडी खाल्ल्याशिवाय शरीर कमावता येणार नाही. डाळभात खाऊन फक्त पोट सुटते. तो मला म्हणाला, “काका, धर्म म्हणून मी खाणार नाही हे नक्की, पण शास्त्र त्यांच्या बाजूने आहे का, एवढे मला खरे खरे सांगा.”

या प्रश्नाला ‘छे, छे’ म्हणून उत्तर देणे सोपे होते. परंतु ते उत्तर प्रामाणिक ठरले नसते. शंका विचारणाऱ्याला गप्प करणे म्हणजे त्याचे समाधान करणे नव्हे. शिवाय ही शंका त्याची एकट्याची नाही आणि आजचीही नाही. तिला सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास असून त्यात राजकोटचा एक विद्यार्थी आहे, युरोपातील रसायनशास्त्रज्ञ आहेत, परळच्या प्रयोगशाळेतील एक इंग्रज विदुषी आहे आणि सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मलेला थोर संख्याशास्त्रज्ञही आहे. तो इतिहास सुज्ञ वाचकांपुढे यथामती मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

शंकेचा जन्म

मांसाहार करणारा बलवान आणि शाकाहारी दुर्बळ, ही समजूत आपल्या देशात विशेष रुजली ती इंग्रजी अमलात. मूठभर इंग्रज एवढ्या मोठ्या देशावर राज्य करतात याचे कारण शोधताना अनेकांची दृष्टी त्यांच्या ताटाकडे गेली. मोहनदास गांधी राजकोटच्या शाळेत शिकत असताना याच युक्तिवादाला भुलले आणि एका मित्राच्या संगतीने त्यांनी चोरून बकऱ्याचे मांस खाल्ले, हे त्यांनी आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यामागे जिभेचे चोचले नव्हते. देश स्वतंत्र करायचा तर देह बळकट हवा, ही त्यामागची भावना होती.

पुढे १८८८ साली ते विलायतेस निघाले, तेव्हा त्यांच्या मातोश्रींच्या समाधानासाठी बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांना मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा दिली. लंडनमध्ये या प्रतिज्ञेने त्यांची उपासमार केली. पुष्कळ भटकल्यावर एक शाकाहारी उपाहारगृह सापडले आणि तेथेच हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराची बाजू मांडणारे पुस्तक मिळाले. तोवर मातेला दिलेल्या शब्दाखातर पाळलेला नियम या वाचनाने त्यांचा स्वतःचा झाला. ही घटना आपल्यासाठी बोधप्रद आहे. आमच्या घरातील मुलेही आज नियम पाळतात ते आईवडिलांच्या शब्दाखातर. तो नियम त्यांचा स्वतःचा व्हावयाचा असेल तर त्यांना कारणे सांगावी लागतील आणि ती कारणे खरी असावी लागतील.

रसायनशाळेतील वाद

ज्याला आपण प्रथिन म्हणतो त्याला ‘प्रोटीन’ हे नाव १८३८ साली मिळाले. स्वीडनचे बर्झेलियस यांनी ते सुचविले आणि हॉलंडचे मुल्डर यांनी ते प्रचारात आणले. ‘अग्रस्थानी असणारे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतलेले आहे. म्हणजे नावातच मोठेपणा भरलेला होता. त्यानंतर जर्मनीचे विख्यात रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८४२ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, स्नायू काम करतात तेव्हा ते स्वतःतील प्रथिन जाळूनच शक्ती मिळवितात. यावरून साधा निष्कर्ष निघाला : जो जास्त श्रम करील त्याने जास्त मांस खावे.

हा सिद्धांत तपासण्यासाठी १८६५ साली फिक आणि विस्लिसेनुस या दोन प्राध्यापकांनी स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न हे शिखर चढून पाहिले. त्यांनी आदल्या दिवसापासून प्रथिन वर्ज्य केले. पिष्ट, चरबी आणि साखर एवढ्यावरच ते जवळजवळ दोन हजार मीटर चढून गेले. चढताना व नंतर त्यांनी आपले मूत्र साठवून त्यातील नत्र मोजले, कारण शरीरात प्रथिन जळले की त्याचे नत्र मूत्रावाटे बाहेर पडते. हिशेब केला तेव्हा असे दिसले की, जळलेल्या प्रथिनातून मिळू शकणारी शक्ती चढाईच्या श्रमाला मुळीच पुरेशी नव्हती. श्रमाचे इंधन मुख्यतः पिष्ट आणि मेद हेच होते. प्रथिन हे घर बांधण्याची वीट आहे. चुलीत घालण्याचे सरपण नव्हे, असे आपण सोप्या भाषेत म्हणू शकतो.

तरीही जुनी समजूत लवकर गेली नाही. जर्मनीतील फॉइट यांनी कष्टकरी पुरुषास रोज ११८ ग्रॅम प्रथिन हवे, असा दंडक घालून दिला व तो जगभर मानला गेला. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे प्राध्यापक चिटेंडन यांनी त्याला आव्हान दिले. त्यांनी प्राध्यापक, सैनिक आणि कसरतपटू विद्यार्थी यांना कित्येक महिने या दंडकाच्या सुमारे निम्म्या प्रथिनावर ठेवले; त्यांची ताकद घटली नाही, उलट वाढली. हे निष्कर्ष १९०४ साली प्रसिद्ध झाले. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चिटेंडन यांचे प्रयोग कमी प्रथिनाचे होते, शुद्ध शाकाहाराचे नव्हते. काही शाकाहारप्रचारक त्यांचा दाखला देताना हा फरक विसरतात. त्याच विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ अर्विंग फिशर यांनी १९०७ च्या सुमारास मांसाहारी व शाकाहारी लोकांची चिकाटी तपासली. हात आडवे पसरून कोण किती वेळ धरू शकतो, अशा त्या चाचण्या होत्या. शाकाहारी पुष्कळ पुढे गेले. परंतु त्यांतील बरेच जण आपल्या मताचे कट्टर अभिमानी होते आणि अभिमानाने हात जास्त वेळ वर राहतो, ही शंकाही रास्तच आहे.

प्रश्न भारतात येतो

हा वाद हिंदुस्थानात आला तो अपमानाचे रूप घेऊन. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक मॅके यांनी १९१२ च्या आपल्या ग्रंथात बंगाली माणसाच्या दुबळ्या शरीराचे कारण त्याच्या आहारातील प्रथिनाच्या कमतरतेत शोधले. दारिद्र्य, हिवताप, जंत यांनी पोखरलेल्या माणसाचे मोजमाप घेऊन दोष मात्र प्रथिनाला देण्यात आला.

त्यानंतर कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी १९२० च्या दशकात वेगळ्या पद्धतीने शोध घेतला. भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील लोक जे खातात तेच त्यांनी उंदरांच्या गटांना खाऊ घातले. सर्वांत धष्टपुष्ट निघाले ते पंजाबी शिखांच्या आहारावरील उंदीर. सर्वांत हीन ठरला तो सडलेल्या पांढऱ्या तांदळावर भिस्त ठेवणारा आहार. शिखांच्या त्या आहारात काय होते? कोंड्यासह गव्हाची पोळी, दूध, दही, तूप, डाळ, भाज्या आणि आठवड्यातून एखादे वेळी थोडे मांस. मांसाचा वाटा नगण्य होता. दूध, डाळ आणि न चाळलेले धान्य यांचा वाटा मोठा होता. पण या प्रयोगाची दुसरी बाजूही आपण मनावर घ्यावी. ताट केवळ शाकाहारी आहे म्हणून ते पौष्टिक ठरत नाही. कुन्नूरच्या या संस्थेची स्थापना १९१८ ची. तीच पुढे हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून प्रसिद्धीस आली.

आपल्या मुंबईतही याच सुमारास एक महत्त्वाचा शोध लागला. लूसी विल्स नावाच्या इंग्रज विदुषी १९२८ साली येथे आल्या. गिरणगावातील गरोदर स्त्रियांना एक विचित्र पांडुरोग होत असे आणि त्यात पुष्कळ माता दगावत. तशा रोगावर तेव्हा प्राण्याचे यकृत खाऊ घालणे हा उपाय समजला जाई. विल्स यांना असे आढळले की, यीस्टच्या साध्या अर्कानेही या स्त्रिया बऱ्या होतात. हा शोध १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्यातील गुणकारी घटक पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला आणि ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळाले. यकृताच्या जोडीला हिरवे पानही औषध ठरू शकते, हे परळच्या हाफकिन संस्थेशी निगडित असलेल्या या संशोधनाने दाखवून दिले.

बुध गावचे सुखात्मे

आता या इतिहासातील मुख्य पुरुषाकडे वळू. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. लंडनमध्ये संख्याशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन ते परतले, दिल्लीत कृषी संशोधनात काम केले आणि १९५१ पासून सुमारे दोन दशके रोम येथील जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख राहिले. १९७१ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

ते रोममध्ये होते त्या काळात जगात एकच घोष चालू होता : गरीब देशांत प्रथिनांचा दुष्काळ आहे. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका अहवालाने येऊ घातलेल्या ‘प्रथिन संकटा’चा इशारा दिला. माशांच्या भुकटीपासून प्रथिन काढावे, खनिज तेलावर जंतू वाढवून प्रथिन तयार करावे, पावात लायसिन मिसळावे, अशा खर्चिक योजना पुढे येऊ लागल्या. डाळभाकरी खाणारा देश हा जणू रोगी देश, असा त्यामागचा सूर होता.

सुखात्मे यांनी भारतातील आहार-पाहण्यांचे आकडे हाती घेतले आणि एक साधा प्रश्न विचारला : ज्या घरात प्रथिन कमी पडते, त्या घरात एकूण अन्न पुरेसे आहे काय? उत्तर मिळाले ते असे की, प्रथिन कमी पडणारी घरे बहुतांशी तीच होती जिथे पोटभर अन्नच नव्हते. जिथे धान्य आणि डाळ पोटभर मिळत होती, तिथे प्रथिनाची गरज सामान्यतः आपोआप भागत होती. कारण उघड आहे. अन्न अपुरे असले की शरीर खाल्लेले प्रथिनच सरपण म्हणून जाळते. मग भिंतीसाठी वीट उरत नाही. अशा माणसाला महागडे प्रथिन दिले तरी तेही चुलीतच जाणार. म्हणून आधी त्याचे ताट भरा. १९७० च्या सुमारास त्यांनी हे विचार शास्त्रीय नियतकालिकांतून मांडले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन हेही कुपोषित बालकांच्या अभ्यासातून याच दिशेने आले होते. १९७३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने प्रथिनाचे प्रमाण खाली आणले आणि १९७४ साली ब्रिटनच्या ‘लॅन्सेट’मध्ये मॅक्लारेन यांनी या सर्व प्रथिनघोषाला मोठी फसगत ठरविले.

सुखात्मे यांचा प्रत्येक शब्द पुढे मान्य झाला असे मात्र नाही. माणूस कमी अन्नाशी जुळवून घेऊ शकतो, हा त्यांचा नंतरचा सिद्धांत फार वादग्रस्त ठरला आणि पुण्याच्याच वि. म. दांडेकर यांनी त्यावर कठोर टीका केली. बेंगळुरूचे डॉ. अनुरा कुरपाड आदींच्या संशोधनातून असेही दिसले की, लायसिन या घटकाची प्रौढ माणसाची गरज १९८५ साली मानली होती त्याहून अडीचपट आहे, म्हणजे दर किलो वजनामागे १२ नव्हे तर ३० मिलिग्रॅम. धान्यात लायसिन कमी असते; डाळीत व दुधात ते भरपूर असते. याचा अर्थ, नुसत्या पोळीभातावर भागणार नाही; पोळीबरोबर वाटीभर घट्ट डाळ हवीच. महागाईमुळे ज्या घरातील डाळ पातळ होत जाते, त्या घरातील प्रथिनही पातळ होत जाते.

कुंभोजचा कर्मवीर

शाकाहारी कुळात देहबळाची उपासना होऊ शकते काय, असे विचारणाऱ्यांनी दक्षिण महाराष्ट्राकडे पाहावे. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात शेती करणारा मोठा जैन समाज आहे. याच समाजातील भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथे झाला. कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकताना त्यांना अभ्यासापेक्षा कुस्तीचा आणि पोहण्याचा छंद अधिक होता. तेच पुढे कर्मवीर झाले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ पासून साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली. त्या मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही विकले. सुखात्मे यांनी आकड्यांनी जे सिद्ध केले, ते या माउलीने आधीच जाणले होते : आधी मुलाचे ताट भरले पाहिजे.

कोल्हापूरच्या तालमींत मांस खाणारे मल्लही पुष्कळ झाले आणि थोर झाले, हेही तितकेच खरे आहे. दुसरीकडे दूध, तूप, बदाम आणि हरभऱ्यावर वाढलेले मल्लही झाले. योगेश्वर दत्त या शाकाहारी मल्लाने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. म्हणजे आखाड्याने दोन्ही ताटांना मान दिला आहे. यशाचे श्रेय आधी मेहनतीला आणि गुरूला द्यावे लागते.

आजचे शास्त्र काय सांगते?

प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिन रोज मिळाले तर पुरते, असे २००७ च्या आंतरराष्ट्रीय समितीने ठरविले व आपल्याकडील २०२० च्या शिफारशींतही तोच आकडा आहे. ६० किलो वजनाच्या माणसास हे सुमारे ५० ग्रॅम होते. वजने उचलून स्नायू वाढवू पाहणाऱ्याला अधिक लागते. २०१८ साली अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, त्यात दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅमनंतर अधिक लाभ दिसला नाही. २०२१ साली ब्राझीलमधील संशोधकांनी ३८ तरुणांचा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्मे मांसाहारी, निम्मे पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणारे. दोन्ही गटांना पूरक भुकटीसह तेवढेच १.६ ग्रॅम प्रथिन, १२ आठवडे तोच व्यायाम. अखेरीस स्नायू व ताकद यांच्या वाढीत फरक आढळला नाही. प्रयोग लहान आहे, पण आमच्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

आता आपल्या घरचा हिशेब करू. दिवसभरात २०० ग्रॅम गव्हाचे पीठ, ६० ग्रॅम डाळ वा कठोळ, अर्धा लिटर दूध, ३० ग्रॅम शेंगदाणे आणि ५० ग्रॅम पनीर घेतले, तर सुमारे ६५ ग्रॅम प्रथिन होते. सर्वसाधारण माणसास हे पुरून उरते. व्यायाम करणाऱ्या मुलाने आणखी ६० ग्रॅम हरभरे वा मूग आणि २५ ग्रॅम सोयावडी घेतली, की तो ९० च्या आसपास पोहोचतो. यात कंदमूळ नाही, अंडे नाही आणि डबाही नाही. मात्र चहा-खाखरा, फरसाण आणि मिठाई यांवर दिवस काढणाऱ्याचा हिशेब असा जुळणार नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

आपल्या नियमांचीही अडचण होत नाही. कच्च्या गोरसाबरोबर कठोळ न घेण्याचा द्विदळाचा नियम घ्या. धान्य, डाळ आणि दूध एकमेकांची उणीव भरून काढतात हे खरे; पण ती एकाच घासात भरून काढावी लागत नाही, दिवसभराच्या आहारात भरली तरी चालते. चौविहार करणाऱ्या मुलाने व्यायाम रात्री न करता सकाळी करावा आणि नवकारशीनंतर नीट न्याहारी घ्यावी. आयंबिलाच्या ओळीत दूध, दही, तूप, तेल अशा विगई सुटतात, तेव्हा ताटाचा आधार कठोळच असतो. त्या नऊ दिवसांत निव्वळ भातावर राहू नये. डब्यातील दुधाची प्रथिने ही चीज करताना निघणाऱ्या पाण्यापासून बनतात आणि चीजसाठी काही ठिकाणी वासराच्या जठरातील पदार्थ वापरतात. म्हणून श्रावकाने चौकशी केल्याशिवाय डबा घेऊ नये. २०२४ साली राष्ट्रीय पोषण संस्थेनेही अशा भुकट्या टाळण्याचाच सल्ला दिला आहे.

आपली उणी बाजू

इतिहासलेखकाने आपल्या पक्षाची उणी बाजू लपवू नये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार ६७ टक्के पुरुषांत जीवनसत्त्व ब-१२ कमी होते आणि शाकाहारी लोकांत हा धोका कितीतरी अधिक होता. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात. वनस्पतींत ते भरवशाने मिळत नाही, दुधात थोडे असते. त्याच्या अभावाने पांडुरोग, हातापायांना मुंग्या, विस्मृती असे त्रास होतात. गरोदर मातेला ते कमी पडले तर बाळाच्या पुढील आरोग्यावरही परिणाम होऊ शकतो, असे याज्ञिक यांच्या पुढील संशोधनाने सुचविले.

आमच्या कित्येक वडीलधाऱ्यांच्या मुंग्या ‘वय झाले’ म्हणून सोडून दिल्या जातात. हे योग्य नाही. औषधातील ब-१२ जिवाणूंच्या किण्वनाने तयार होते, त्यासाठी मांस लागत नाही. कॅप्सूलचे कवच मात्र पुष्कळदा प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनचे असते. म्हणून वैद्यांना विचारून गोळी घ्यावी. अहिंसा पाळणाऱ्याने वर्षातून एकदा रक्त तपासून घ्यावे, यात धर्माला कमीपणा नाही. उलट नियम पाळून निरोगी राहिलेला श्रावक हाच नियमाचा उत्तम साक्षीदार होय.

आपले गाव, आपले शेजारी

मीरा-भाईंदर १९८५ साली नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका झाले. त्याच्या कितीतरी आधी येथे मिठागरे होती, शेते होती आणि उत्तनपर्यंतच्या किनाऱ्यावर कोळी बांधवांच्या होड्या होत्या, आजही आहेत. आपण येथे नंतर आलो. २०१५ सालच्या पर्युषणात आपल्या महानगरपालिकेच्या मांसविक्री बंदीच्या निर्णयावरून राज्यभर वाद पेटला, तो सर्वांना स्मरत असेल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेल्या मांसास कर्करोगकारक आणि लाल मांसास संभाव्य कर्करोगकारक ठरविले. तेव्हा आपल्यातील काहींनी ‘पाहा, आम्ही म्हणतच होतो’ असे संदेश फिरविले. परंतु ते वर्गीकरण पुराव्याच्या खात्रीचे होते, धोक्याच्या मोठेपणाचे नव्हे. आणि मासळी त्या यादीत नव्हतीच. कोळणीच्या टोपलीतील ताज्या मासळीला त्या अहवालाने दोष दिलेला नाही. अर्धसत्य आपल्या बाजूचे असले तरी ते अर्धसत्यच राहते, आणि सत्य हेही आपल्या व्रतांपैकीच एक आहे.

२०२३ साली शाळांच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, न खाणाऱ्यास केळे, अशी योजना शासनाने आणली, तेव्हाही मोठा वाद झाला. त्यात आपले मत मांडण्याचा हक्क आपणास आहेच. परंतु गरिबाच्या मुलाच्या ताटातील काही काढावे असे म्हणणाऱ्याने त्या ताटात दूध, शेंगदाणे, डाळ यांपैकी काय घालणार हेही सांगितले पाहिजे. लक्ष्मीबाईंनी ताट भरले, मग उपदेश केला असेल तर केला.

उपसंहार

लंडनमध्ये १९३१ साली शाकाहारी मंडळींपुढे बोलताना गांधीजींनी एक मार्मिक गोष्ट सांगितली होती. तिचा आशय असा की, केवळ आरोग्यासाठी शाकाहार धरणारे बहुधा टिकत नाहीत. आजार आला की डगमगतात. टिकतो तो नैतिक पायावर उभा असलेला. मला वाटते, आमच्या तरुणास द्यावयाचे उत्तर येथेच आहे. शास्त्र त्याच्या शिक्षकाच्या बाजूने नाही. डाळ, दूध आणि धान्य यांवर शरीर कमावता येते, मात्र हिशेबाने खावे लागते. शास्त्र मांसाहाऱ्याला दुर्बळही ठरवीत नाही. दोन्ही ताटांवर देहबळ मिळत असेल, तर निवड कशाच्या आधारे करावयाची? ज्या ताटासाठी कुणाचा जीव घ्यावा लागत नाही ते ताट आपण निवडले, एवढे सरळ कारण आपल्यास पुरे आहे. त्याला अर्धवट शास्त्राचा टेकू देण्याची गरज नाही.

कुंभोजच्या टेकडीपाशी भगवान बाहुबलींची २८ फुटी मूर्ती उभी आहे. दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध या तिन्हींत त्यांनी भरताला जिंकले आणि जिंकल्याच्या क्षणी सर्व सोडून दिले. आपल्या परंपरेला बळाचे वावडे कधीच नव्हते. बळ कशासाठी, एवढाच प्रश्न ती विचारत आली आहे.

तो तरुण आता सकाळी व्यायामाला जातो. त्याच्या आईने डाळ घट्ट करावयास सुरुवात केली आहे, आणि आजोबांची ब-१२ ची तपासणी त्यानेच करवून आणली.

या लेखात जिनाज्ञेविरुद्ध अथवा सत्याविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास मिच्छा मि दुक्कडं. जय जिनेंद्र.